अकरा नंबरची पेटी

११ सप्टेंबर, गुरुवार

दिपमाला, ही वही तू धुळ्याच्या स्टँडवर माझ्या हातात दिलीस तेव्हा रोज लिहीन असं मी कबूल केलं होतं. येऊन चार दिवस झाले आणि आज पहिलं पान लिहितोय. उशिराबद्दल रागावू नको. दोन दिवस पेन्सिल सापडेना. तिसऱ्या दिवशी पेन्सिल सापडली तर चष्मा सापडेना.

तू म्हणालीस, आबा, फोन रविवारी एकदाच करा, बाकीची काळजी वहीत लिहा, दिवाळीला आलात की मी सगळी वाचीन. दिवसातून आठ वेळा फोन करून मी तुला नको नको करून सोडतो हे मला कळतं. जावईबापू काही बोलत नाहीत, पण टीव्हीचा आवाज वाढवतात. तो मला इकडे ऐकू येतो.

प्रवास चांगला झाला. खिडकी मिळाली. पारोळ्यापर्यंत शेजारच्या माणसाने माझ्या खांद्यावर झोप काढली, एरंडोलला उतरताना रामराम करून गेला. जळगावात अजिंठा चौफुलीवर प्रेमराजभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. ते कारखान्याचे सुपरवायझर. बोलायला गोड, वेळेला कडक. फाटकाजवळची खोली मला दिली आहे. खाट आहे, पंखा आहे, दाराशीच नळ आहे. पितृपाटात, पितरांच्या पंधरवड्यात, नवीन काम धरू नये असं तुझी आई म्हणाली असती. पण चाळीस वर्षं धान्याच्या कोठ्या आणि ट्रंका ठोकल्या, आता त्या कोणी घेत नाही, आणि इथे पत्र्यावर हात बसलेला माणूस हवा होता. या वयात कोणी बोलावतं हेच पुष्कळ.

इथे यंत्रांसाठी लोखंडी पेट्या बनतात. प्रेमराजभाऊंनी मला समजावून सांगितलं. हवेत मोबाइलच्या, रेडिओच्या, विजेच्या लहरी भरलेल्या असतात. नाजूक यंत्र उघडं ठेवलं तर त्या त्यात शिरतात आणि ते भलतंच काही दाखवायला लागतं. म्हणून पेटी अशी बंद करायची की बाहेरची लहर आत जाणार नाही आणि आतली बाहेर येणार नाही. मी म्हटलं, माझ्या कोठीत उंदीर शिरत नसे, तसंच म्हणायचं. ते हसले. म्हणाले, आबा, हे उंदीर दिसत नाहीत एवढाच फरक.

पियुषला सांग, तुझे आजोबा आता मोबाइलचे उंदीर पकडतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

माझं काम असं. पेटीचं दार आणि चौकट जिथे एकमेकांना टेकतात तो काठ पॉलिश पेपरने घासून लख्ख करायचा आणि स्पिरिटने पुसायचा. मग त्यावर तांब्याच्या बारीक पात्यांची पट्टी बसवायची, ती कंगव्यासारखी दिसते. दार लागलं की प्रत्येक पातं उघड्या धातूला टेकलं पाहिजे. मध्ये रंग नको, तेल नको, घामाचं बोटही नको. केसाएवढी फट राहिली तरी लहर शिरते. नासीर वेल्डिंग करतो, तो म्हणाला, चाचा, नवरीचं तोंडसुद्धा कोणी इतकं पुसत नाही.

मागच्या शेडमध्ये एक जुनी पेटी आहे, अकरा नंबरची. कपाटाएवढी, माणूस आत उभा राहील अशी. कोणासाठी तरी केली होती, त्यांनी परत पाठवली, तेव्हापासून ती तपासणीसाठी ठेवली आहे. नवी पट्टी आली की आधी तिच्या दाराला लावायची, आत चालू फोन ठेवायचा, दार लावायचं आणि बाहेरून त्या फोनला फोन करायचा. ती बाई म्हणाली की आपण ज्यांना फोन करत आहात ते संपर्क क्षेत्राबाहेर आहेत, म्हणजे पट्टी पास. घंटी वाजली तर नापास. फोन माझा वापरतात, कारण प्रेमराजभाऊंचा महाग आहे. माझ्या डबड्याला इतका मान कधी मिळाला नव्हता.

माझ्याआधी हे काम नवल नावाचा माणूस करायचा. पिंपळनेरचा. नऊ वर्षं होता, मागच्या दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. बोलताना अडखळायचा म्हणे. नासीरने त्याची नक्कल करून दाखवली तर लताबाई झाडू घेऊन त्याच्या अंगावर गेल्या. लताबाई असोद्याहून झाडलोट आणि चहाला येतात. मला ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणतात आणि मी ती संपवेपर्यंत उभ्या राहतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. अकरा नंबरची पाती रोज सकाळी वाकलेली असतात, बाहेरच्या बाजूला. आतून कोणी दार ढकलावं तशी. प्रेमराजभाऊ म्हणाले, तांबं जुनं झालं की असंच होतं. मी पक्कडीने सरळ करतो.

२० सप्टेंबर, शनिवार

आज उजेडाची तपासणी शिकलो. बारीक फट बाहेरून सापडत नाही. तेव्हा माणसाने पेटीत बसायचं आणि बाहेरून दार लावून घ्यायचं. आत अंधारात जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे फट. आतून तीनदा ठोकलं की बाहेरच्याने दार उघडायचं. कडी फक्त बाहेरून आहे.

मी बसलो. प्रेमराजभाऊंनी दार लावलं. मशीनचा आवाज एकदम तुटला. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. उजेडाची रेघ कुठेच नव्हती. घाबरू नये म्हणून मी मोठ्याने बोललो, तुला फोनवर म्हणतो तेच. हं, बोल. जेवली का?

नंतर श्वासाचा आवाज येत राहिला. माझाच असणार. पण मी श्वास घेतला की जरा उशिराने यायचा.

मी तीनदा ठोकलं. दार उघडून प्रेमराजभाऊ हसायला लागले. म्हणाले, आबा, तीनदा सांगितलं होतं, सहादा नाही, पेटी फोडता का.

मी तीनदाच ठोकलं होतं. म्हातारपणी मोजणं चुकतं, असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. सगळी हत्यारं, ड्रिल, वाकवण्याचं मशीन धुऊन पुसून मांडलं. लताबाईंनी झेंडूच्या माळा केल्या. नासीरने आपल्या वेल्डिंग मशीनला स्वतः माळ घातली आणि सगळ्यांआधी पेढा खाल्ला. आम्ही ट्रंका करायचो तेव्हा तुझा आजा ऐरणीला आणि प्रत्येक हत्याराला तेलात कालवलेल्या शेंदराची पाच बोटं लावायचा. ज्या जागेवर वर्षभर हात फिरतो तिला विसरायचं नाही, म्हणायचा. मीही पाच पाच बोटं लावत गेलो.

अकरा नंबरशी आल्यावर थांबलो. हात तर माझा काठावरच फिरतो. पुढच्या पत्र्याला शेंदूर लावून काय उपयोग. पाच बोटंच तर, उद्या पुसून टाकू. काठाला लावली. हात जोडले.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याची सुट्टी झाली आणि पुसायचं राहून गेलं.

सकाळी नवी पट्टी आली. माझा फोन आत ठेवला, दार लावलं, नासीरने फोन लावला. घंटी वाजली. नासीर म्हणाला, चाचा, तुमचा उंदीर पळाला. आणि तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला.

नासीरच्या फोनचा आवाज मोठा असतो, आम्ही दोघांनी ऐकलं. हं, बोल. जेवला का?

आवाज माझा होता. मी नासीरच्या शेजारी उभा होतो, तोंड मिटून.

नासीरला वाटलं मी आधी बोलून भरून ठेवलंय. म्हणाला, वा चाचा, बडे छुपे रुस्तम. दार उघडलं तर फोन जिथे ठेवला तिथेच. मग प्रेमराजभाऊ आले आणि काठावरचा शेंदूर बघून जे काही बोलले ते मी लिहीत नाही. तेलाचा थर म्हणजे फटच, एवढं मला कळायला हवं होतं. ते डोक्यावर उभे, मी शेंदूर खरवडला. पुन्हा तपासलं, पास झालं. संपर्क क्षेत्राबाहेर.

जेवताना आठवलं. बोटं मी पाच लावली होती. खरवडली चार.

दुपारी भिंग लावून शोधलं. पाचवं दिसलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

तुला फोन केला. तू म्हणालीस, आबा, काल संध्याकाळी तर पाऊण तास बोललात, आज पुन्हा? मी काल फोन केला नव्हता. तू हसलीस. म्हणालीस, किती छान बोललात काल, एकदाही काळजी केली नाही, पियुषला गोष्ट सांगितली, ह्यांच्याशीसुद्धा बोललात. जळगावचं पाणी मानवलं तुम्हाला.

मी म्हटलं, तो मी नव्हतो. तू म्हणालीस, आबा, झालं का पुन्हा सुरू.

मागे टीव्हीचा आवाज वाढला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सोमवारपासून माझ्या फोनला रेंज नाही. खोलीत नाही, रस्त्यावर नाही, चौफुलीवर टॉवरखाली उभा राहिलो तरी नाही. दुकानातल्या पोराने कार्ड बदललं, मग त्याचं स्वतःचं कार्ड घालून पाहिलं. म्हणाला, बाबा, हा फोन पेटीत ठेवल्यासारखा वागतोय. त्याला काही माहीत नाही, तो सहज बोलला.

पण नासीरने माझा नंबर लावला तर उचलला जातो. फोन माझ्या खिशात गप्प असतो. नासीरने दोनदा लावला, दुसऱ्यांदा ऐकून त्याने फोन बंद केला. काय ऐकलं ते सांगेना. माझी नक्कल करणंही त्याने सोडलं आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी फाटकाशी एक बाई आली. नवलची बायको, कोकिळा. पिंपळनेरहून तीन गाड्या बदलून आली होती. प्रेमराजभाऊंनी सांगितलं, नवल काम सोडून गेला, आमच्याकडे त्याचं काही नाही. ती म्हणाली, तो घरीच आहे. मग काय हवं, असं विचारल्यावर ती फाटकातून आत शेडकडे बघत राहिली.

ते आत गेल्यावर मी तिला पाणी दिलं. अहिराणीत हळू बोलली. मागच्या दिवाळीला आला तो एकदम चांगला होऊन आला. अडखळत नाही, रागवत नाही, सगळ्यांशी हसून बोलतो. गावाला कौतुक. पण तो जेवस नही, ती म्हणाली. ताट पुढे घेऊन बसतो, तुम्ही जेवलात का असं सगळ्यांना विचारतो, आणि ताट तसंच राहतं. तो घरात असला की फोन लागत नाही, टीव्हीवर मुंग्या येतात. धाकटी रत्ना आधी त्याच्या मांडीवरून उतरत नसे, आता तो आला की कोनाड्यात जाऊन उभी राहते. बोलत नाही. चार महिने झाले, एक शब्द बोललेली नाही.

मना घर जो उना तो मना नवरा नही शे, ती म्हणाली. घरी आला तो तिचा नवराच नव्हे. मना नवरा आठेच शे का, इथेच आहे का, एवढं सांगा.

मी तिला चारच्या गाडीत बसवून दिलं.

नवलचं पुसायचं फडकं अजून खुंटीला आहे. मी कधी काढलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये कोणी नव्हतं. अकरा नंबरला कान लावला.

तू आत बोलत होतीस. लांबून, बारीक, पण तूच. आणि तो. दिवाळीला काय करू विचारत होतीस. तो म्हणाला, काही नको, मी येतोय ना. सोमवारी दुपारची गाडी. आता परत जायचं नाही, तुझ्याकडेच राहीन. तू रडलीस, आनंदाने. मला तू कधी राहा म्हणाली नाहीस. तुझा दोष नाही. मी राहण्यासारखा बापच नव्हतो.

मग पियुष आला. त्याला तो म्हणाला, तुझ्यासाठी छोटंसं लोखंडाचं घर करून देतो, त्यात बसलं की कोणाचा आवाज येत नाही.

दार उघडलं. पेटी रिकामी होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

लताबाईंच्या फोनवरून तुला लावला. तू म्हणालीस, आबा, आत्ताच तर ठेवला, आता हा कोणाचा नंबर? मी सगळं सांगितलं. घरी येईल त्याला दार उघडू नको म्हटलं. भरभर बोललो. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, आबा, सकाळी किती छान होतात. जेवा आणि झोपा. सोमवारी येताच आहात.

पुन्हा लावला. उचलला नाहीस.

लताबाई म्हणाल्या, पोरीले काऊन भेवाडता, सणाचे दिवस आहेत.

प्रेमराजभाऊंकडे गेलो. आजच धुळ्याला जाऊ द्या म्हटलं. ते म्हणाले, सोमवारी सकाळी माल जायचा आहे, अकरा नंबर पास झाल्याशिवाय एक पट्टी हलणार नाही, आणि हात तुमचाच बसलाय. सोमवारी अकराला सुटा, दोनची गाडी धरा.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तुला पोस्टकार्ड टाकलं. सण आहे, कधी पोचेल. मीच आधी पोचेन. मी किंवा —

लोक म्हणतील तेच तूही म्हणशील, आबांना भ्रम झाला. मला भ्रमच झालेला असू दे. पण तो दारात उभा राहिला आणि मागून मी आलो तर तू कोणाला आत घेशील? जो काळजी करत नाही त्याला. मीसुद्धा त्यालाच घेतलं असतं.

एकच करता येतं. पाचवं बोट शोधायचं. ती फट बुजली की त्याचा आवाज तुझ्यापर्यंत येणार नाही. तू माझा नंबर लावशील तर बाई म्हणेल संपर्क क्षेत्राबाहेर. मग तू मला बघायला येशील. मलाच.

१९ ऑक्टोबर, रविवार

सगळा काठ घासला. पाती एकेक सरळ केली, दोनशे चौदा. कान लावला. बोलतोच आहे — हसतो आहे. पियुषला हसवतो आहे.

बाहेरून सापडणार नाही. आत बसायला हवं.

२० ऑक्टोबर, सोमवार

सकाळ. माल गेला. प्रेमराजभाऊ टेम्पोबरोबर गेले, नासीर आलाच नाही. लताबाई आहेत. त्यांना सांगितलं — दार लावा, तीनदा ठोकलं की उघडा. बारापर्यंत आहे म्हणाल्या. पिशवी आणि फोन स्टुलावर ठेवला. वही खिशात. उजेड लख्ख आहे, ऊन दारावर आहे. दहा मिनिटांचं काम.

आत. रेघ दिसली. खाली बिजागरीच्या बाजूला, नखाएवढी. त्या उजेडात लिहितोय. शेंदूरच आहे. माझंच बोट — ठसा दिसतोय.

खरवडलं. गेला. आता काळोख. ओळी एकमेकींवर चढत असतील, समजून घे.

त्याचा आवाज थांबला. दिपमाला, थांबला. जमलं मला —

तीनदा ठोकलं.

बाहेर लताबाई बोलतायत. पत्र्याला कान लावला की बारीक येतंय. अहो आबा, तुम्ही बाहीर कव्हा निंघाले? म्या तं दार उघडलंच नाही.

हं, झालं काम, कोणीतरी म्हणालं. जेवल्या का?

माझा आवाज —

ठोकतोय. दोन्ही हातांनी. त्या म्हणाल्या, हे काय वाजतं. तो म्हणाला, तांबं जुनं झालं की असंच होतं. त्या हसल्या. दिवाळी चांगली करा आबा, म्हणाल्या. चपलांचा आवाज. पिशवीची चेन. माझा फोन वाजला, बाहेर, स्टुलावर — रेंज आली त्याला — उचलला. हं, बोल दिपमाला. निघालो.

फाटक वाजलं.

आता काही ऐकू येत नाही. काठ मी फार चांगला घासला.

श्वास — माझ्या शेजारी. मी थांबवला तरी चालू आहे. गुडघ्याला गुडघा लागतोय. तो म्हणतोय, उ — उ — उघ —

नवल आहे. नऊ वर्षं हा काठ घासणारा. कोकिळा विचारून गेली म्हणून सांगितलं. रडतोय. कोणाकडे राहते ती, विचारतोय, कोणा — कोणाबरोबर —

दिपमाला, दोनची गाडी पाचला धुळ्यात. तो दारात येईल. हसत येईल. ताट वाढ आणि बघ, जेवतो का. पियुषला मांडीवर देऊ नको. आणि ही वही कधी मिळाली तर, मिळाली नाही तरी — तुझा फोन लागतो का ते, पियुष बोलतो का ते — लवकर कळव, पोरी, एका ओळीचं का होईना, लवकर कळ